गल्लीतला फुकटचा पिक्चर: परवानगी कुणाची, फायदा कुणाचा?

तिकीट नाही म्हणजे परवानगी नको, असा बहुतेक मंडळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पण कायद्यानं एक दार उघडं ठेवलंय आणि ते शाळेच्या फाटकातून आत जातं. त्या दाराकडं आपलं लक्ष का गेलं नाही? कसबा बावड्यातून एक विश्लेषण.

गेल्या गणपतीतली गोष्ट. बावड्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका मंडळानं पिक्चर लावला होता. फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'रात्री आठ वाजता मोफत चित्रपट, सर्वांनी लाभ घ्यावा.' मी ऑफिसमधून नुकतीच आले होते. "थांब, मी पण येतो," आई म्हणाली. कोल्हापुरात बायकाही 'येतो'च म्हणतात. थिएटरात जाऊन आईनं शेवटचा सिनेमा पाहिला तो माझ्या दहावीच्या सुट्टीत. त्यानंतर कधी वेळ नव्हता, कधी तिकिटाचा आकडा बघून तिनंच "तुम्ही जावा" म्हटलं.

सतरंज्या भरल्या होत्या. पुढं पोरं, मागं बायका, कडेला गाड्यांवर टेकून बसलेले बापे. वीसेक मिनिटं झाली असतील आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून एक डोकं वर आलं. "ए, बस की खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. डोकं बसलं नाही. मग लक्षात आलं, ते आमच्यातल्या कुणाचं नव्हतंच. कुठल्या तरी शहरातल्या थिएटरात कुणीतरी मोबाईलवर चोरून शूट केलेला तो सिनेमा होता आणि डोकं तिथल्या प्रेक्षकाचं होतं. गल्ली खो खो हसली.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. दर थोड्या वेळानं पडद्याच्या खालच्या पट्टीत एका बेटिंग ॲपची जाहिरात येत होती. माझ्यासमोर बसलेला दुसरी-तिसरीतला एक पोरगा त्या ॲपचं नाव अक्षर अक्षर जुळवून वाचत होता. तिसऱ्या वेळी त्यानं ते न अडखळता वाचलं.

घरी येताना आई म्हणाली, "पिक्चर बरा होता, पण तोंडं काय दिसली नाहीत."

मंडळाची पोरं वाईट नव्हती. वर्गणीतून पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर त्यांनी भाड्यानं आणले होते, गल्लीला चार घटका आनंद द्यायचा होता. आपण कायदा मोडतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा.

गल्लीतला पडदा आपल्याला नवा आहे का?

अजिबात नाही. जत्रेतल्या तंबूतला सिनेमा आपल्या आज्ज्यांनी पाहिलाय. गणपतीत रस्त्याच्या मधोमध पांढरं कापड ताणून दाखवलेला सिनेमा आपल्या आईवडिलांनी पाहिलाय. समोर जागा मिळाली नाही तर माणसं पडद्यामागं बसायची आणि हिरोला डावखुरा समजून घरी जायची. पुढं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर बघायचा जमाना आला. अलीकडं फुटबॉल वर्ल्ड कप किंवा क्रिकेटची फायनल आली की चौकाचौकांत मोठा स्क्रीन लागतो. एकत्र बसून पडद्याकडं बघणं ही कोल्हापूरची जुनी खोड आहे.

आणि कोल्हापूरला ती शोभते. बाबूराव पेंटर यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर इथं चित्रपट काढले. तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक मदतीनं उभ्या राहिलेल्या त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये आला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत 1929 मध्ये इथंच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. 1932 चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट प्रभातच्या कोल्हापूरच्या काळातला. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली, पण भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथंच राहिला.

आजही शहरात चांगलं काम सुरू आहे. बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे, तिच्यामुळं कोल्हापूरला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मिळाला. 'चिल्लर पार्टी' ही विद्यार्थी चित्रपट चळवळ शाहू स्मारक भवनात मुलांना जगभरातले बालचित्रपट मोफत दाखवत आली आहे. तिकीट नसलेला सिनेमाही काळजीपूर्वक निवडून, मुलांशी आधी दोन शब्द बोलून, नीट दाखवता येतो हे या मंडळींनी सिद्ध केलंय.

अडचण अंतराची आहे. शाहू स्मारक दसरा चौकात आहे. बावड्यातल्या धुणंभांड्याला जाणाऱ्या बाईनं रविवारी दोन पोरांना घेऊन तिथं जायचं म्हणजे केएमटीची वाट बघा, येताना रिक्षा करा. प्रवेश फुकट असला तरी जाणं-येणं फुकट नाही. म्हणून सिनेमा गल्लीत यायला हवा. आणि तो आला की प्रश्न सुरू होतात.

तिकीट नाही, धंदा नाही, मग परवानगी कशाला?

कॉपीराइट कायदा 1957 तिकिटाचा विचार करत नाही, 'जनतेपर्यंत पोहोचवणं' या क्रियेचा विचार करतो. चित्रपट लोकांना दाखवण्याचा हक्क निर्मात्याचा किंवा त्यानं ज्याला तो दिला त्याचा असतो. दहा रुपये तिकीट लावा किंवा वर चहा-बिस्किट द्या, हक्काच्या मालकाची परवानगी लागतेच.

इथं एक गैरसमज वारंवार दिसतो. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर नाटक किंवा गाणं सादर केलं तर कायद्यात सूट आहे. धार्मिक समारंभातल्या गाण्याबजावण्यालाही सूट आहे. कुणीतरी हे अर्धवट ऐकतं आणि "गणपतीत चालतंय सगळं" असा निष्कर्ष निघतो. पण या दोन्ही सवलतींत चित्रपट नाही. गणपतीसमोर पेटी-तबला वाजवणं वेगळं आणि गणपतीसमोर नवा सिनेमा लावणं वेगळं.

मग माझ्या ओटीटी खात्यावरून लावला तर?

पैसे भरलेत, म्हणजे चोरी नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरगुती, वैयक्तिक वापरासाठी असतं. सही न करता आपण 'मान्य' म्हणून जे बटण दाबतो, त्यात हे लिहिलेलं असतं. दुकानातून घेतलेल्या डीव्हीडीचंही तेच. वस्तू आपली, पण ती चौकात दाखवायचा हक्क आपला नाही. यूट्यूबवर एखादा सिनेमा अख्खा सापडला म्हणजे तो मोकळा झाला असंही नाही. तो टाकणाऱ्याकडं हक्क होते का, हा पहिला प्रश्न.

पकडलं तर काय होतं?

कॉपीराइटच्या जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी, नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय योग्य कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. व्यवहारात गल्लीतल्या शोवर कुणी सहसा कारवाई करत नाही. पण तक्रार झाली तर नाव लागतं ते मंडळाच्या अध्यक्षाचं किंवा पेनड्राइव्ह आणणाऱ्या विशी-बाविशीतल्या पोराचं. सरकारी नोकरीचे फॉर्म भरत असलेल्या पोराला 'कारवाई होत नाही' या भरवशावर उभं करणं हे मोठ्यांचं शहाणपण नव्हे.

सिनेमा चोरून शूट करण्याबद्दल 2023 च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायदाही कडक झालाय. त्याच दुरुस्तीनं वयाचे गट आणले: यूए 7+, 13+ आणि 16+. सतरंजीवर पुढं कोण बसणार आहे हे बघून सिनेमा निवडायला हा आकडा उपयोगी आहे. आपल्याकडं तो कुणी बघत नाही.

सूट कुठंच नाही का?

आहे, आणि हाच या लेखाचा गाभा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये कशाला हक्कभंग म्हणायचं नाही याची यादी आहे. त्यात शैक्षणिक संस्थेसाठी एक कलम आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक म्हणून संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील-पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढीच असली, तर तो हक्कभंग ठरत नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. त्यात पालक आहेत.

म्हणजे महापालिकेच्या शाळेनं शनिवारी संध्याकाळी पटांगणात पडदा लावला, पोरांनी आईला, बापाला, सांभाळणाऱ्या आज्जीला सोबत आणलं, तर गल्लीतली बरीचशी माणसं कायद्याच्या चौकटीत राहून त्या पटांगणात बसलेली असतील. फाटक सगळ्यांना सताड उघडं ठेवता येणार नाही, हे खरं. 'शाळेचा उपक्रम' ही अटही नावापुरती चालणार नाही. शाळेनं तो उपक्रम ठरवलेला हवा, शिक्षक हजर हवेत, वहीत नोंद हवी. शाळेच्या नावाखाली मंडळाचा कार्यक्रम उरकायचा, असं नाही. आणि सिनेमाची प्रत वैध हवी. पटांगण शाळेचं असलं म्हणून टेलिग्रामवरून उतरवलेली फाइल पवित्र होत नाही.

तरीही हे दार मोठं आहे. बावड्यासारख्या भागात पटांगण असलेल्या शाळा आहेत, वीज आहे, पाण्याची टाकी आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. चौकात पडदा लावला की बायकांना सगळ्यात आधी अडतं ते इथंच.

सगळ्यांसाठी खुला शो करायचा असेल तर?

मग दोनच सरळ मार्ग आहेत. हक्कदाराकडून लेखी परवानगी घ्या किंवा ज्याचे हक्क संपलेत असा चित्रपट दाखवा.

परवानगीचा मार्ग वाटतो तेवढा अवघड नाही. मोठ्या स्टुडिओचा नवा सिनेमा मिळणार नाही, पण मराठीत लघुपट आणि माहितीपट करणारी भरपूर मुलं आहेत. त्यांतली कितीतरी कोल्हापुरातच आहेत. आपला लघुपट दीडशे माणसांनी एकत्र बसून पाहावा यासाठी ती तळमळत असतात. ई-मेलवर दोन ओळींची परवानगी मागितली तर बहुतेक जण देतील आणि शो संपल्यावर प्रश्नांना उत्तरं द्यायला स्वतः येतील.

हक्क संपलेल्या चित्रपटांचं गणित सोपं आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 1964 किंवा त्याआधी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे, चित्रपट म्हणून असलेले हक्क संपलेत. या यादीत काय काय येतं बघा: 'अयोध्येचा राजा' (1932), 'संत तुकाराम' (1936), 'कुंकू' (1937), 'माणूस' (1939), 'शेजारी' (1941), 'रामशास्त्री' (1944), भालजींचा 'छत्रपती शिवाजी' (1952), राजा परांजपे यांचे 'लाखाची गोष्ट' (1952) आणि 'जगाच्या पाठीवर' (1960), आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (1953). पोरांसाठी चार्ली चॅप्लिनचे जुने मूकपट. त्यांना भाषांतर लागत नाही आणि त्यांना हसायला वयाची अट नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. चित्रपटाचा हक्क आणि त्यातल्या कथेचा, गाण्याचा, संगीताचा हक्क वेगवेगळा असू शकतो. लेखक, गीतकार, संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. 'श्यामची आई'चंच उदाहरण घ्या. चित्रपटाची मुदत 2013 अखेर संपली. मूळ पुस्तकाचे लेखक साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांची मुदत 2010 अखेर संपली. पण अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाची मुदत 2029 अखेरपर्यंत आहे. मूकपटाला मागाहून जोडलेल्या संगीताचंही असंच. त्यामुळं जुना चित्रपट दिसला की डोळे झाकून लावा, असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडं चांगली प्रत आहे त्याच्याशी एक पत्रव्यवहार कराच. त्यातून प्रतही मिळते आणि शंकाही मिटते.

जागा, आवाज आणि वेळ यांचं काय?

सिनेमाला प्रमाणपत्र देणं हे केंद्राचं काम, तर सिनेमा दाखवायच्या जागेचं नियमन राज्याचं. आपल्याकडं त्यासाठी मुळात 1953 सालचा कायदा आहे. पक्की थिएटरं आणि फिरते तंबू डोळ्यांसमोर ठेवून केलेला. खुल्या जागेत शो घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारून घेणं केव्हाही बरं. शिवाय जागेसाठी महापालिका, गर्दी आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस, विजेसाठी महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन. आकडा टाकून दाखवलेला संतपट कुठल्याच संताला आवडणार नाही.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. यावर माझं उत्तर आहे, हंगाम बदला. गणपती पावसाळ्यात येतो आणि तेव्हा बावड्याची नजर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असते, पडद्यावर नसते. दिवाळीनंतर आभाळ मोकळं असतं. नोव्हेंबरअखेर कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेसातला सुरू केलं तर 'संत तुकाराम'सारखा सव्वादोन तासांचा चित्रपटही नऊच्या आसपास संपतो. पोरं जेवून वेळेत झोपतात, शेजारच्या आजोबांची झोप मोडत नाही.

प्रोजेक्टर केवढा लागतो?

चार वर्षं इंजिनिअरिंग करून डेस्कवर बातम्या लिहिते, याचा घरच्यांना अजून राग आहे. त्यातलं थोडं तरी इथं कामी येऊ दे.

बारा फूट रुंदीचा पडदा घ्या. 16:9 च्या प्रमाणात त्याची उंची पावणेसात फूट, क्षेत्रफळ साधारण साडेसात चौरस मीटर. 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर चौरस मीटरमागं सुमारे 400 ल्युमेन, म्हणजेच 400 लक्स उजेड टाकतो. पूर्ण अंधारात हा उजेड थिएटरपेक्षाही जास्त भरतो. मग गल्लीतला पिक्चर फिकट का दिसतो? कारण तिथं अंधार नसतो. शेजारच्या खांबावरचा एलईडी पडद्यावर थेट पडत असेल तर प्रोजेक्टर काळा रंग दाखवूच शकत नाही, सगळं करडं दिसतं. त्यामुळं आणखी महागडा प्रोजेक्टर आणण्याआधी पडद्याची दिशा बदला, खांबाकडं त्याची पाठ करा. बाकीचे दिवे मात्र सुरू राहू द्यात. बायका-पोरांना घरी जायचं असतं. प्रोजेक्टर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, 'एएनएसआय ल्युमेन' किती ते विचारा. स्वस्तातल्या यंत्रांत या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा लांब नको, म्हणजे चाळीस फूट. पडद्यासमोरची पहिली दहा फूट जागा सोडून तीस बाय तीस फुटांच्या सतरंजीवर दीडशे माणसं ऐसपैस बसतात. यापेक्षा मोठा शो करण्याचा हव्यास कशाला? जास्त माणसं आली तर पुढच्या शनिवारी दुसरा शो.

जुन्या चित्रपटांसाठी आणखी दोन गोष्टी. त्यांची चौकट जवळपास 4:3 ची असते. पडदा भरावा म्हणून ती ताणू नका, तुकाराम महाराज उगाच जाड दिसतात. दोन्ही कडांना काळी पट्टी राहू दे. आणि बेस कमी करा. डीजेच्या स्पीकरवर 1936 चा संवाद लावला तर घरघर ऐकू येते, शब्द येत नाहीत. माणसाचा आवाज मधल्या पट्टीत असतो, तीच पट्टी वाढवा.

सगळं मोबाईलवर असताना हे कशाला?

हा प्रश्न माझ्याच धाकट्या भावानं विचारला आणि तो रास्त आहे. डेटा स्वस्त आहे, प्रत्येक घरात एक तरी स्मार्टफोन आहे. पण त्या घरात फोन कुणाच्या हातात असतो? आमच्याकडं तरी आईच्या हातात तो शेवटी येतो, चार्जिंग 12 टक्के उरल्यावर. मोबाईलवर घरातली चार माणसं चार वेगळ्या गोष्टी बघतात. पटांगणात दीडशे माणसं एकच गोष्ट बघतात आणि दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तीवर बोलतात. बावड्यात आता जुन्या घरांसोबत अपार्टमेंटं आहेत, मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं भाड्यानं राहतात, साखर कारखान्याच्या हंगामात बाहेरची माणसं येतात. एकमेकांचं तोंड बघायला त्यांना निमित्त लागतं. महापुरात कोण कुणाच्या दारात ट्रॅक्टर घेऊन जातं, हे अशा ओळखींवरच ठरतं.

दुसरा आक्षेप थिएटरवाल्यांचा. शहरातली एकपडदा थिएटरं एकेक करून मिटत गेली, त्यात फुकटचा सिनेमा म्हणजे जखमेवर मीठ. चोरीच्या प्रतीवर नवा सिनेमा दाखवला तर हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. 1936 चा चित्रपट किंवा नवोदिताचा लघुपट दाखवला तर कुणाचं तिकीट बुडतं? उलट मोठ्या पडद्याची चटक लागलेलं पोरगं उद्या थिएटरात जाईल.

आणि एक प्रकार आपण सगळे बघतो. निवडणूक जवळ आली की एखादा नेता थिएटर बुक करून प्रभागाला सिनेमा फुकट दाखवतो. हक्कांच्या दृष्टीनं त्यात काही गैर नाही, तिकिटं रीतसर काढलेली असतात. फक्त कुठला सिनेमा बघायचा, कधी बघायचा आणि मध्यंतरात कुणाचं भाषण ऐकायचं, हे आपल्याला कुणी विचारत नाही. निकाल लागला की पुढच्या पाच वर्षांत दुसरा शो होत नाही.

मग करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. मंडळांना कायद्याचा धाक दाखवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण चुकीचा मार्ग आज सगळ्यात सोपा आहे. एक पेनड्राइव्ह आणि काम संपलं. नीट मार्गानं जायचं तर पाच ठिकाणी अर्ज. जोवर सरळ रस्ता वाकड्या रस्त्याइतका सोपा होत नाही, तोवर गल्लीतली पोरं वाकड्यानंच जाणार.

तो सोपा करणं महापालिकेच्या हातात आहे. दिवाळी ते मार्च या काळात प्रत्येक प्रभागात एका शाळेचं पटांगण महिन्यातून एका शनिवारी 'सिनेमाची शाळा' म्हणून ठरवावं. पालकांसह उपक्रम म्हणून शिक्षण विभागानंच तो वर्षाच्या आराखड्यात घालावा, म्हणजे कलम 52 ची अट कागदावर आणि प्रत्यक्षातही पूर्ण होते. पोलीस आणि वीज यांची परवानगी एकाच अर्जात, संपूर्ण हंगामासाठी. प्रोजेक्टर प्रत्येक शाळेनं घ्यायची गरज नाही. दोन-तीन संच शहरभर फिरवता येतात, पूर्वी तंबू फिरायचा तसेच.

दुसरं काम प्रतींचं. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आता ते एनएफडीसीच्या छत्राखाली आहे. कोल्हापुरात घडलेल्या, हक्कांची मुदत संपलेल्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती आणि त्यांच्या हक्कांचा खुलासा महापालिकेनं किंवा इथल्या विद्यापीठानं एकदाच मागून घ्यावा. एका मंडळाचं पत्र कपाटात पडून राहील, शहराचं पत्र पडून राहणार नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट जवळपास सगळे नष्ट झालेत, 'सावकारी पाश' आपण कधीच बघू शकणार नाही. जे उरलंय तेही कपाटातच राहणार असेल तर 'कलापूर' ही पाटी उतरवून ठेवलेली बरी.

तिसरं काम मंडळांचं आणि ते सगळ्यात छोटं आहे. यंदा एक संध्याकाळ पेनड्राइव्ह घरी ठेवा. गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. सतरंज्या तुमच्या, स्पीकर तुमचे, पटांगण त्यांचं. सिनेमा निवडायला शहरात जाणकार माणसं आहेत, त्यांना हाक मारा, ती येतील. त्यांनी हेच काम वर्षानुवर्षं केलंय.

लक्ष्मी-विलास पॅलेस आमच्या बावड्यात आहे. 1874 मध्ये शाहू महाराजांचा जन्म तिथं झाला. ज्या राजानं सक्तीचं मोफत शिक्षण दिलं, नाटक-कुस्ती-चित्रकलेला हात दिला, त्याच्या जन्मगावात पोरांना मोठ्या पडद्यावर पहिली ओळख एका बेटिंग ॲपच्या नावाची व्हावी, हे मला खटकतं. तो पोरगा पुढच्या गणपतीत चौथीत असेल. त्याला वाचायला यायला लागलंय. पडद्यावर काय लिहिलेलं असावं, एवढंच आपण ठरवायचं आहे.

आईला मी हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "ते सगळं असू दे. शाळेत पिक्चर लावला तर मला बोलवतील काय? आता माझं कोण शाळेत नाही."

कायद्यात याचं उत्तर नाही. पण हक्क संपलेला सिनेमा असेल, तर फाटक सगळ्यांनाच उघडं ठेवता येतं. म्हणून सुरुवात त्यानंच करू या.